बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे

सिंदखेडराजा म्हटले की जिजाऊंचे नाव आपसूक ओठांवर येते. शेगाव म्हटले की गजानन महाराज. पण खुद्द बुलढाण्याचे नाव घेतल्यावर ताराबाई शिंदे आठवतात अशी माणसे थोडी. आजचे चार शब्द त्यांच्याविषयी आहेत, आणि गांजलेल्या बाईला आपल्या मुलखात आसरा कसकसा मिळत गेला त्याविषयी.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास बुलढाण्याचा. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला. त्यांनी मुलीला घरीच लिहायला-वाचायला शिकवले. लग्न झाले, पण नवरा घरजावई म्हणून आला. मूलबाळ झाले नाही. बापूजी सत्यशोधक समाजातले, जोतीराव फुल्यांच्या ओळखीतले. पुढच्या हकीकतीत ही ओळख मोलाची ठरली.

१८८१ साली सुरतेच्या कोर्टात एक खटला उभा राहिला. ओलपाडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर नवजात अर्भक मारल्याचा आरोप होता. कोर्टाने फाशी सुनावली. मुंबईच्या हायकोर्टात ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली आणि नंतर आणखीही कमी झाली. पण शिक्षेपेक्षा गवगवा मोठा. 'पुणे वैभव' पत्राने या निमित्ताने बायकांच्या वर्तनावरच कोरडे ओढले. मुलाचा बाप कोण, तो कुठे आहे, हे कुणी विचारले नाही. विधवेने मूल कशापायी मारले असेल, तेही नाही.

हे प्रश्न बुलढाण्यातून विचारले गेले. १८८२ साली पुण्याच्या शिवाजी छापखान्यात 'स्त्री-पुरुष तुलना' हे ताराबाईंचे छोटेसे पुस्तक छापले गेले. किंमत नऊ आणे. भाषा कशी म्हणाल, तर ओसरीवर पदर खोचून भांडायला उभ्या राहिलेल्या बाईची. ज्या ज्या दोषांची मोळी बाईच्या डोक्यावर दिली जाते, तो एकेक दोष त्या उचलतात आणि पुरुषाच्या ताजव्यात टाकून दाखवतात. बायको मेली की पुरुष दुसरी करतो, तिसरी करतो. मग नवरा मेल्यावर बाईचेच आयुष्य का संपावे? विधवेला नादी लावणारा कोण, आणि वेळ आली की अंग काढून घेणारा कोण? मोठमोठ्या वकिलांना न सुचलेली ही उलटतपासणी आहे, असे मला वाटते. एरवी कोर्टात असो की चावडीवर, सवाल बाईलाच होतात : तू काय केलेस, तू कुठे गेली होतीस. ताराबाईंनी सवालाचे तोंड फिरवले.

पुस्तकाची हेटाळणी झाली. जोतीराव मात्र पाठीशी उभे राहिले. १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांनी टीकाकारांची हजेरी घेतली आणि ताराबाईंना 'चिरंजीविनी' म्हटले. तरीही ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. लिहिणाऱ्या बाईला गप्प बसवायला मारझोड लागतेच असे नाही, हसणे पुरते.

जोतीरावांना हा विषय नवा नव्हता. पुण्यात काशीबाई नावाच्या एका गरीब विधवेला, फसवणुकीतून झालेले मूल मारल्यावरून, जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. त्यानंतर १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि ब्राह्मणवस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर तशा जाहिराती लावल्या : गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्यायचे तर न्या, नाहीतर इथे ठेवा. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. पण त्यांची पाचच मुले जगली. आयांनी दिवस लपवण्यासाठी आधी घेतलेल्या जहाल औषधांनी बाकीची गेली, असे जोतीरावांनीच लिहून ठेवले आहे. म्हणजे बाई दाराशी येईपर्यंतच किती उशीर झालेला असे, पहा. वाचलेल्यांपैकी यशवंत या मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंसह रुग्णांची शुश्रूषा करीत होता.

मग आणखी दारे उघडली. १८७५ साली प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपुरात अनाथ अर्भकांसाठी आश्रम काढला. वारीच्या गावी टाकून दिलेली मुले सापडत, म्हणून तिथेच. १८८९ त पंडिता रमाबाईंचे शारदासदन, १८९६ त कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम. या साऱ्या घरांत एक उणीव होती, आणि ती बोलून दाखवायला हरकत नाही. बाईला घर सोडूनच तिथे जावे लागे. मारणारा घरातच राही आणि मार खाणारी बाहेर पडे.

हे उलटे गणित सरळ व्हायला फार काळ गेला. सासरच्या छळाला कलम ४९८-अ लागू झाले १९८३ साली. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. पण राहत्या घराचा हक्क दिला तो २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने, २६ ऑक्टोबर २००६ पासून. घर नवऱ्याच्या नावे असो की सासऱ्याच्या, राहत्या घरातून बाईला कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढता येत नाही. पैसे अडवणे, शिव्याशाप, धमक्या हीसुद्धा हिंसाच धरली आहे. बाईची तक्रार लिहून घेऊन ती मॅजिस्ट्रेटपुढे नेण्यासाठी जिल्ह्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. आणि वकील सरकारी खर्चाने मिळतो. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

गुरुजनांनो, शाळेत अचानक येईनाशी झालेली आठवीतली मुलगी पुष्कळदा पहिल्यांदा तुमच्याच लक्षात येते. मुलांसाठी १०९८ आणि बायकांसाठी १८१ हे फोन रात्रंदिवस चालतात, आणि पैसे पडत नाहीत.

ताराबाईंचे पुस्तकही बरीच वर्षे विस्मृतीत पडले होते. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणले. १९९४ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. आता ते सहज मिळते, आणि एका बैठकीत वाचून होते.