पालावचा पूल : दुरुस्तीनंतरचे तीन महिने

२६ सप्टेंबर १९९६. पॅसिफिक महासागरातल्या पालाव या चिमुकल्या देशात संध्याकाळचे पावणेसहा वाजत आले होते. वादळ नव्हते, भूकंप नव्हता, पुलावर वाहनांची दाटी नव्हती. अशा निवांत वेळी कोरोर आणि बाबेलदाओब ही बेटे जोडणारा काँक्रीटचा पूल मोडून समुद्रात पडला. दोन माणसे दगावली, चार जखमी झाली. तेव्हाची राजधानी कोरोरला होती, विमानतळ बाबेलदाओबला. राजधानीचे पाणी आणि वीजही त्याच पुलावरून येत होती. सरकारला आणीबाणी पुकारावी लागली. पुलाची मोठी दुरुस्ती पुरी होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

पूल १९७७ साली बांधला गेला. मधला गाळा २४१ मीटरचा. त्या प्रकारच्या पूर्वताणित काँक्रीटच्या पुलांत तेव्हा जगात सर्वांत लांब. रचना समजायला सोपी आहे. दोन्ही काठांकडून दोन पोकळ, पेटीसारखे हात पुढे काढायचे आणि ते मधोमध एका बिजागरीने जोडायचे. हात खाली झुकू नयेत म्हणून वरच्या स्लॅबमधून ताणलेल्या पोलादी केबली. काँक्रीट मात्र आपण समजतो तितके निश्चल नसते. सतत ओझे असले, की ते वर्षानुवर्षे मुंगीच्या पावलांनी आक्रसत राहते. अभियंते याला क्रीप म्हणतात. काँक्रीट आक्रसले की केबली सैल पडतात, केबली सैल पडल्या की हात आणखी झुकतात.

पालावचा पूल असाच झुकत गेला. १९९० पर्यंत मध्य सुमारे १.२ मीटरने खाली आला होता. कमरेपेक्षा जास्त उंचीची ही घसरण गाडीतून जाणाऱ्यालाही कळावी अशीच. आराखडा करताना धरलेल्या अंदाजाच्या ती कितीतरी पुढे गेली होती. तज्ज्ञांच्या दोन तुकड्या येऊन गेल्या, एक अमेरिकी, एक जपानी. दोघींनीही सांगितले, पूल सुरक्षित आहे. त्यांचे चुकले असे सरसकट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तो पूल त्यानंतर सहा वर्षे उभा राहिला, आणि पडला तो दुरुस्तीनंतर.

मग त्या दुरुस्तीत काय केले? मधली बिजागरी बंद करून दोन्ही हात एकसंध केले. जोडावर चपटे जॅक बसवून हातांना एकमेकांपासून दूर रेटले. पेटीच्या आत नव्या केबली ओढून ताणल्या. वर नवा रस्ता घातला. यातले प्रत्येक काम पुलातल्या बळांची वाटणी बदलणारे. वीस वर्षे एका सवयीने ओझे वाहणाऱ्या शरीराला एकदम निराळे उभे राहायला सांगावे, तसे हे झाले. आजारी पुलाकडे लक्ष ठेवण्याची गरज सर्वांत जास्त असते ती याच दिवसांत.

मोजमापे झाली नाहीत असे नाही. खच मोजला होता, काँक्रीटचे नमुने तपासले होते. जुन्या केबलींतला ताणही दुरुस्तीच्या सुमारास मोजला गेला, तर तो सरासरी निम्म्यावर आलेला. मूळ हिशेबात सुमारे एक पंचमांशच कमी होईल असे धरले होते. पण खचाचा आकडा साऱ्या पुलाची सरासरी कथा सांगतो. वरच्या स्लॅबचा एखादा थर आतून सुटला असेल, तर तो आकडा हलत नाही. त्यासाठी हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकावा लागतो, ध्वनिलहरी सोडाव्या लागतात, ताण वाढवताना काँक्रीटच्या आतली कुरकुर टिपावी लागते.

केंब्रिजचे ख्रिस बर्गोइन आणि रिचर्ड स्कँटलबरी यांनी २००६ मध्ये या कोसळण्याचा शोध घेतला. त्यांचा रोख वरच्या स्लॅबच्या स्थानिक इजेकडे आहे. जुना रस्ता खरवडून काढताना ती झाली असावी. नव्या केबलींनी त्याच स्लॅबवर दाब वाढवला होता, हे ध्यानात घेतले की ही शक्यता अंगावर काटा आणते.

आपल्याकडेही पणजीचा मांडवी पूल १९८६ च्या ५ जुलैला असाच कोसळला होता, आणि वाशीच्या पहिल्या खाडीपुलाच्या केबलींनी अभियंत्यांना पुष्कळ वर्षे घोर लावला. त्या पिढीच्या पुलांचे दुखणे आपल्याला परके नाही.

परके वाटावे ते पुढचे मौन. पालावमधला दावा तडजोडीने मिटला आणि पुलाची तांत्रिक कागदपत्रे बंद झाली. अकरा वर्षे अभ्यासकांना ती मिळाली नाहीत. नोव्हेंबर २००७ मध्ये बंगळुरूला संरचना अभियंत्यांची जागतिक परिषद भरली, तेव्हा नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे झ्देनेक बाझांट यांच्या पुढाकाराने ठराव झाला: मोठ्या कोसळण्यांची माहिती दडवणे व्यवसायाच्या नीतीला धरून नाही, ती खुली करावी. जानेवारी २००८ मध्ये पालावची कागदपत्रे खुली झाली.

बाझांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली. प्रचलित सूत्रे या पुलाच्या खचाचा अंदाज फार कमी देतात, असे दिसले. मग त्यांनी जगभरच्या अशा पुलांच्या नोंदी जमवल्या, तेव्हा पन्नासहून अधिक पूल अपेक्षेबाहेर झुकलेले सापडले. त्यांतले बरेच अजून वाहतुकीत होते. पालावच्या खाडीवर मात्र तोवर जपानच्या मदतीने बांधलेला नवा, तारांनी तोललेला पूल सहा वर्षांचा झाला होता.