जुनी पायथन, नवी पॅकेजे: एका विसंवादाचा इतिहास

संगणकाच्या एखाद्या भाषेत लिहिलेली आणि इतरांना वापरता यावी म्हणून एकत्र बांधून ठेवलेली तयार आज्ञावली म्हणजे पॅकेज, आणि ते सार्वजनिक कोठारातून उतरवून घेऊन आपल्या संगणकावर चालण्याजोगे करणे म्हणजे ते इन्स्टॉल करणे, अर्थात बसवणे होय. पायथन या भाषेत हे काम एका ओळीच्या आज्ञेने व्हावे अशी व्यवस्था सुमारे दोन दशकांत उभी राहिली. परंतु याच काळात भाषेच्या आवृत्त्याही पालटत गेल्या, आणि जुनी आवृत्ती असलेल्या संगणकावर नवे पॅकेज बसवू पाहणाऱ्याच्या वाट्याला अनेकदा असे त्रुटी-संदेश आले, की ज्यांच्या शब्दांवरून खऱ्या कारणाचा थांगही लागत नसे. भाषा, पॅकेज, ते बसवणारे साधन आणि कोठार हे चारही घटक वेगवेगळ्या सालांतले असू शकतात, आणि त्यांचे परस्परांशी जुळते की नाही हे गाठोड्याच्या आत न दडवता बाहेर चिठ्ठीवर लिहून ठेवण्याची रीत या व्यवस्थेत फार उशिरा रुजली. ती रुजेपर्यंत काय घडले, हाच या त्रुटींचा इतिहास आहे.

गिडो व्हान रॉसम यांनी अ‍ॅम्स्टरडॅममधील सी.डब्ल्यू.आय. या गणित व संगणकशास्त्राच्या संशोधनसंस्थेत असताना १९८९ च्या डिसेंबरमध्ये पायथनची बांधणी सुरू केली आणि १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती खुली केली. पहिल्या दशकात एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने वापरायची, तर मूळ लेखकाने सोबत दिलेल्या सूचना वाचून ती हाताने बसवावी लागे, आणि प्रत्येकाच्या सूचना निराळ्या असत. ही विस्कळीत स्थिती संपवण्यासाठी ग्रेग वॉर्ड यांच्या पुढाकाराने 'डिस्ट्युटिल्स' हे साधन घडवले गेले आणि २००० मध्ये ते भाषेच्या मूळ संचातच सामील झाले. त्याच्या रचनेत प्रत्येक पॅकेजसोबत 'सेटअप' नावाची एक फाइल असे, आणि पॅकेजचे नाव, आवृत्ती, गरजा व बसवण्याची कृती या साऱ्या गोष्टी तीत सांगितलेल्या असत. सोयीच्या दृष्टीने हा निर्णय उत्तम होता. मात्र सेटअप फाइल हा स्वतःच पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम असल्यामुळे पॅकेजची माहिती मिळवायची, तर आधी ती फाइल चालवावी लागे, आणि तिच्यात संगणकावरील पायथनला न कळणारे एखादे वाक्य असले, तर 'ही आवृत्ती मला चालत नाही' असे सांगण्यापूर्वीच ती कोसळे. पुढील वीस वर्षांतील बहुतेक गोंधळाचे मूळ या एका रचनेत सापडते.

रिचर्ड जोन्स यांच्या प्रयत्नातून २००३ मध्ये 'पायथन पॅकेज इंडेक्स', म्हणजेच 'पायपीआय' हे कोठार सुरू झाले. भाषेचे नावच मुळी मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूवरून घेतलेले असल्यामुळे, त्यांच्या एका गाजलेल्या प्रवेशाची आठवण म्हणून या कोठारालाही प्रारंभी 'चीज शॉप' असे टोपणनाव होते. फिलिप एबी यांनी २००४ मध्ये 'सेटअपटूल्स' आणि त्यासोबत 'ईझी इन्स्टॉल' हे साधन आणले, त्यामुळे एका पॅकेजला लागणारी इतर पॅकेजे, म्हणजे त्याची अवलंबने, आपोआप उतरवली जाऊ लागली. इयन बिकिंग यांनी २००७ मध्ये 'व्हर्च्युअलएन्व्ह' आणि २००८ मध्ये 'पिप' ही साधने दिली. पहिल्याने प्रत्येक कामासाठी पॅकेजांचा स्वतंत्र कप्पा करता येऊ लागला, तर दुसरे पुढे पॅकेज बसवण्याचे सर्वमान्य साधन ठरले. पिपची स्थिती अशी घट्ट होत असतानाच भाषेला तडा गेला.

पायथन ३.० ही आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झाली, आणि आधीच्या आज्ञावली तिच्यात जशाच्या तशा चालणार नाहीत हे तिच्या निर्मात्यांनी जाणीवपूर्वक स्वीकारले होते. या फारकतीचे मुख्य कारण मजकूर साठवण्याच्या पद्धतीत होते. पायथन २ मध्ये साधा मजकूर आणि संगणकातील कच्चे बाइट यांत काटेकोर भेद नव्हता आणि दोहोंची सरमिसळ झाली, की भाषा इंग्रजी अक्षरांपुरती असलेली 'अ‍ॅस्की' ही वर्णसंहिता गृहीत धरत असे. त्यामुळे देवनागरी मजकुरावर काम करणाऱ्यास डीकोडिंगच्या त्रुटी वारंवार येत. 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली असता, यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेल्या साध्या मजकुरासाठी पायथन २ त्याचे बाइट मोजून १५ हे उत्तर देई, तर पायथन ३ त्यातील युनिकोड चिन्हे मोजून ५ हे उत्तर देते. वाचकाच्या डोळ्यांना तीनच अक्षरे दिसतात, ही गोष्ट वेगळी. इंग्रजीबाहेरच्या भाषांना न्याय देणारा हा बदल आवश्यक होता, पण त्याची किंमत म्हणून पॅकेजांचे जग दोन भागांत विभागले गेले.

या विभागणीची सर्वांत ठळक खूण 'प्रिंट' या शब्दात दिसते. पायथन २ मध्ये तो कंसाविना वापरता येणारा विधानाचा भाग होता, पायथन ३ मध्ये तो कंसासह लिहावयाचे फलन झाला, आणि परिणामी जुन्या सेटअप फाइलीतील एखादी निरुपद्रवी सूचनादेखील नव्या पायथनवर वाक्यरचनेची चूक ठरून पॅकेज बसवणे तिथेच थांबू लागले. सारी जुनी पॅकेजे एका रात्रीत बदलणे अशक्य असल्यामुळे २०१० मध्ये पायथन २.७ ही संक्रमणाची आवृत्ती देण्यात आली. तिची देखभाल २०१५ मध्ये थांबायची होती, परंतु २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढवण्यात आली. अशा रीतीने दहाहून अधिक वर्षे दोन पायथन शेजारी शेजारी नांदल्या.

भाषेच्या या दुभंगाखेरीज आणखी एक अडचण होती: पायथनची अनेक शास्त्रीय पॅकेजे आतून सी किंवा सी++ भाषेत लिहिलेली असतात आणि त्यांचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर वापरणाऱ्याच्या संगणकावर असावा लागे. विंडोजवर तर तो कंपायलरही त्या पायथनच्या बांधणीशी जुळणारा हवा असल्यामुळे, तो न सापडल्याचा संदेश अनेक वर्षे कुप्रसिद्ध होता, आणि अखेर २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने केवळ पायथन २.७ साठी वेगळा कंपायलर उपलब्ध करून दिला. अवलंबनांची साखळी किती लांब जाते, याचे उदाहरण मुंबईच्या आयआयटीतील प्रभु रामचंद्रन यांनी निर्माण केलेल्या 'मायावी' या त्रिमितीय दृश्यांकनाच्या पॅकेजमध्ये सापडते. ते 'व्हीटीके' या सी++ मधील प्रचंड संचावर उभे आहे, आणि व्हीटीकेने २०१६ मध्ये आपल्या ७.० या आवृत्तीत पायथन ३ ला आधार देईपर्यंत मायावीला त्या बाजूला जाण्याची वाटच नव्हती.

बाहेरच्या चिठ्ठीची कल्पना प्रथम नीट आकाराला आली ती 'व्हील' या २०१३ मध्ये मान्य झालेल्या बांधणीत. चीजच्या चाकावरून नाव घेतलेल्या या प्रकारात पॅकेज आधीच रूपांतरित करून ठेवलेले असते, आणि ते कोणत्या पायथनसाठी व कोणत्या संगणक-प्रणालीसाठी आहे हे फाइलीच्या नावातच लिहिलेले असते, म्हणून ती न उघडता तिची निवड करता येते. मात्र व्हील नसलेल्या, केवळ मूळ संहितेच्या रूपात ठेवलेल्या पॅकेजांना अशी चिठ्ठी नव्हती. पॅकेजला किमान कोणती पायथन लागते हे नोंदवण्याचे 'रिक्वायर्स-पायथन' हे कलम २००५ मध्येच एका प्रस्तावात मांडले गेले होते, पण पिपने ते वाचून त्याप्रमाणे निवड करण्याची सोय नोव्हेंबर २०१६ च्या ९.० या आवृत्तीत केली. मधली अकरा वर्षे ते कलम कागदावर राहिले.

या सोयीची पहिली मोठी कसोटी एप्रिल २०१७ मध्ये लागली, जेव्हा 'आयपायथन' या बहुपरिचित पॅकेजने ६.० या आवृत्तीत पायथन २ चा आधार सोडला. नव्या पिपने पायथन २ च्या वापरकर्त्याला मुकाट्याने आधीची चालणारी आवृत्ती दिली. जुन्या पिपने मात्र सर्वांत नवी आवृत्ती उतरवून घेतली आणि ती बसेना, म्हणून आयपायथनच्या कर्त्यांनी सेटअप फाइलीतच असा संदेश घातला, की दोष बहुधा जुन्या पिपचा असून आधी तो अद्ययावत करावा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'जँगो' या पॅकेजची २.० आणि जुलै २०१९ मध्ये 'नमपाय' या पॅकेजची १.१७ ही आवृत्ती केवळ पायथन ३ साठी आली, तेव्हा हीच यंत्रणा असंख्य संगणकांना उपयोगी पडली.

तरीही एक संदेश कायम फसवा राहिला: मागणीस जुळणारी एकही आवृत्ती सापडली नाही, असा त्याचा आशय. नाव चुकले असले, आपल्या पायथनसाठी काहीच शिल्लक नसले किंवा कोठाराशी संपर्कच झाला नसला, तरी शेवटची ओळ हीच येई. २०१८ मध्ये पायपीआयने सुरक्षित संपर्कासाठी टीएलएस १.२ हा कूटबद्ध देवाणघेवाणीचा संकेत सक्तीचा केला, तेव्हा हा संकेत हाताळणाऱ्या 'ओपनएसएसएल' या संचाच्या जुन्या आवृत्तीवर बांधलेल्या पायथनना, विशेषतः मॅकवरील अनेकांना, कोठाराचे दारच बंद झाले. पिप ९.०.३ मध्ये मॅकसाठी त्यावर तोड होती, परंतु ती आणण्यासाठी वापरावयाचा पिप त्याच बंद दाराबाहेर उभा असल्यामुळे नवा पिप दुसऱ्या मार्गाने उतरवून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पायथन २ ची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० रोजी संपली आणि २.७.१८ ही तिची अखेरची आवृत्ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये आली. जानेवारी २०२१ मध्ये पिप २१.० ने पायथन २ चा आधार सोडला, त्यानंतर पिप बसवण्याची नेहमीची स्क्रिप्ट जुन्या पायथनवर चालवणाऱ्यांना वाक्यरचनेची त्रुटी दिसू लागली. त्या स्क्रिप्टमध्ये 'एफ-स्ट्रिंग' ही पायथन ३.६ पासूनची लेखनपद्धती वापरलेली होती आणि जुन्या भाषेला ती वाचताच येत नव्हती. पुढच्याच महिन्यात 'क्रिप्टोग्राफी' या पॅकेजने ३.४ या आवृत्तीपासून आपला काही भाग रस्ट भाषेत लिहिला. लिनक्ससाठीची त्याची नवी व्हील १९.० पूर्वीच्या पिपला ओळखता येत नसल्यामुळे तो मूळ संहिता उतरवी आणि नसलेल्या रस्टच्या साहित्यावर अडून बसे. रस्ट बसवण्याच्या खटाटोपात अनेक जण पडले, वास्तविक पिप अद्ययावत करणे एवढाच सोपा उपाय होता.

विसंवाद उलट दिशेनेही घडतो, म्हणजे पायथन नवी आणि पॅकेज जुने. सप्टेंबर २०२१ मध्ये सेटअपटूल्स ५८ ने जुनी संहिता आपोआप पायथन ३ मध्ये उतरवणारी सोय काढून टाकली, आणि तिच्यावर विसंबलेली कित्येक दुर्लक्षित पॅकेजे बसेनाशी झाली. ऑक्टोबर २०२३ मधील पायथन ३.१२ मधून तर सर्वांचा मूळ आधार असलेले डिस्ट्युटिल्सच वगळले गेले. पायथन ३.९ पासून भाषेची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात येते आणि प्रत्येकीला सुमारे पाच वर्षे देखभाल मिळते, त्यामुळे जुनेपणा हा आता अपघात उरलेला नसून वेळापत्रकाचा भाग झाला आहे.

या इतिहासातून दुरुस्तीचा एक क्रम आपोआप सिद्ध होतो. प्रथम पिप नेमका कोणत्या पायथनला जोडलेला आहे हे पाहावे, कारण एकाच संगणकावर दोन-तीन पायथन असणे सामान्य आहे. नंतर संदेशाची शेवटची ओळ सोडून वरच्या ओळी वाचाव्यात, कारण संपर्काचा, कंपायलरचा किंवा वाक्यरचनेचा खरा दोष तिथे नोंदलेला असतो. त्यानंतर आपल्या पायथनला चालणारा सर्वांत नवा पिप घ्यावा, आणि शेवटी स्वतंत्र कप्पा करून एक तर पायथन नवी बसवावी, नाही तर पॅकेजची त्या काळची आवृत्ती क्रमांकासह मागावी. देखभाल संपलेल्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून यांतील पहिला पर्याय अधिक श्रेयस्कर, आणि दुसरा केवळ बदलता न येणाऱ्या जुन्या कामापुरता.

हा दुसरा पर्याय मुळात शक्य आहे, कारण नवी आवृत्ती आली म्हणून कोठार जुनी काढून टाकत नाही: पायथन २.७ ला चालणारी पिपची शेवटची आवृत्ती २०.३.४ ही असून, ती पायपीआयवर आजही उतरवून घेता येते.