फाशी दिली की सरकारचा खर्च वाचतो का?

‘तुरुंगात पोसण्यापेक्षा फाशी द्या,’ ही कमेंट तुम्हीही वाचली असेल. भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी हत्याकांड आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांचा खून झाला. २००८ मध्ये भंडारा सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप सुनावली. पण उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय फाशी देता येत नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने आठही जणांना २५ वर्षांची कैद दिली. म्हणजे फाशी सुनावूनही कोर्टाचा खर्च झाला, तुरुंगाचाही. आरोपीला वकील परवडत नसेल तर तोही सरकारच देतं.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९७८ पासून मृत्युदंडाच्या व्यवस्थेवर सुमारे ४ अब्ज डॉलर गेले, असं २०११ च्या एका अभ्यासात आढळलं. तोवर प्रत्यक्ष शिक्षा झाली होती १३ जणांना.