दार कुठल्या बाजूला उघडतं?

थिएटरमध्ये, मॉलमध्ये, ऑफिसच्या जिन्यापाशी एक जाड दार असतं आणि त्यावर कमरेच्या उंचीला आडवा दांडा. त्याला ‘पॅनिक बार’ म्हणतात. नुसतं अंग टेकलं तरी दार बाहेर उघडतं. किल्ली नको, कडी नको, सूचना वाचायला नको. मी सॉफ्टवेअर लिहितो. इतका साधा इंटरफेस आमच्याकडे क्वचितच बनतो. त्यामागची गोष्ट मात्र वाचवत नाही.

३० डिसेंबर १९०३, शिकागो. इरॉक्वॉय थिएटर सुरू होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. जाहिरातीत ते ‘पूर्णपणे अग्निरोधक’ होतं. नाताळच्या सुट्टीतला दुपारचा खेळ, त्यामुळे बायका आणि मुलंच जास्त. खुर्च्या संपल्या, तरी लोक उभ्यानं बघत होते. दुसऱ्या अंकात आर्क दिव्याच्या ठिणगीनं रंगमंचावरच्या कापडानं पेट घेतला. विनोदी नट एडी फॉय पुढे येऊन लोकांना शांत राहायला सांगत होता, वादकांना वाजवत राहा म्हणत होता. आग अडवणारा ॲस्बेस्टॉसचा पडदा सोडला, तो मध्येच अडकला. तेवढ्यात पळणाऱ्या कलाकारांनी मागचं दार उघडलं. थंड हवा आत घुसली आणि आगीचा लोळ पडद्याखालून थेट बाल्कनीकडे झेपावला.

लोक दारांकडे धावले. काही दारं शोभेच्या पडद्यांमागे लपलेली. काहींच्या कड्या युरोपीय पद्धतीच्या, त्या उघडायच्या कशा हेच कुणाला कळेना. काही दारं आत उघडणारी. असं दार उघडायला एक पाऊल मागे यावं लागतं, आणि मागे शेकडो लोक रेटत असतात. जिन्यांवर लोखंडी जाळ्यांना कुलपं होती, का? तर स्वस्त तिकीटवाले खालच्या महाग जागांवर येऊन बसू नयेत म्हणून. हे वाचून मी बराच वेळ थांबलो. ॲक्सेस कंट्रोल अगदी चोख चालू होता.

६०२ माणसं गेली. इमारत मात्र उभी राहिली आणि पुढे दुसऱ्या नावानं पुन्हा सुरूही झाली.

कार्ल प्रिन्झलर हा हार्डवेअरचा विक्रेता त्या खेळाला जाणार होता, कामामुळे राहिला. त्यानं आर्किटेक्ट हेन्री ड्यूपाँटसोबत पॅनिक बार बनवला. तो १९०८ मध्ये इंडियानापोलिसच्या व्हॉनेगट हार्डवेअरनं बाजारात आणला. (हो, कादंबरीकार कर्ट व्हॉनेगटच्याच घराण्याची कंपनी.)

पण कल्पना त्याहून जुनी. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या संडरलंडला व्हिक्टोरिया हॉलमध्ये आग लागलीच नव्हती. खेळ संपताना खाली खेळणी वाटायला सुरुवात झाली, गॅलरीतली मुलं जिन्यावरून धावली. खालचं दार एकेक मूल जाईल एवढंच उघडं ठेवून खिटी लावलेली. १८३ मुलं चेंगरून मेली. त्यानंतर रॉबर्ट ब्रिग्जनं ढकलून उघडणाऱ्या कडीचं पेटंट घेतलं, १८९२ मध्ये. म्हणजे इरॉक्वॉय बांधलं तेव्हा उपाय अकरा वर्षांचा होता.

आणि १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमात ‘बॉर्डर’ लागला होता. तळमजल्यावरचा ट्रान्सफॉर्मर पेटला, धूर वर चढला. ५९ माणसं गुदमरून गेली. बाल्कनीत जास्तीच्या खुर्च्या बसवण्यासाठी उजवीकडचा बाहेर जायचा रस्ता बंद केलेला होता.