बटाटा मूळचा कुठला?

उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीत काय काय असतं बघा. साबुदाणा, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि बटाटा. आपल्याकडे साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून करतात. म्हणजे चारही जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले! रमजानमध्ये आमच्या दस्तरखानावर येणाऱ्या बटाट्याच्या भजीचंही तेच. साडेपाचशे वर्षांपूर्वी इथल्या कुठल्याच चुलीवर बटाटा शिजत नव्हता.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. ‘आलू आपला की बटाटा आपला?’ असं मुलं गमतीनं विचारतात. खरं तर दोन्ही शब्द फिरून आलेले. ‘बटाटा’ आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. त्यांच्याकडे तो आला कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांकडून, आणि ते लोक हा शब्द रताळ्यासाठी वापरत. ‘आलु’ हा संस्कृतात खाण्याजोग्या कंदाचा जुना शब्द. फारसीत मात्र ‘आलू’ म्हणजे फळ, म्हणून तर आपण आलूबुखारा म्हणतो. इराणात बटाट्याला ‘सीब-ए-ज़मीनी’ म्हणतात, म्हणजे जमिनीतलं सफरचंद. नवा पाहुणा आला आणि ज्यानं त्यानं घरातलंच जुनं नाव त्याला देऊन टाकलं.

बटाट्याचं माहेर पेरू-बोलिव्हियाकडचे अँडीज पर्वत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. थंडीची सवय असल्यामुळे रात्र गार असल्याशिवाय तो नीट कंद धरत नाही. आमच्या ठाणे-कल्याणच्या उकाड्यात पाला वाढेल, पण खाली हाताला फारसं काही लागणार नाही. म्हणून मुंबई इलाख्यातल्या इंग्रजांना आपली आवडती भाजी पिकवायला घाटमाथा गाठावा लागला.

गव्हर्नर माल्कम यांनी १८२९ च्या सुमारास साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा घेतली. तिथे पुढे, १८३४ च्या सुमारास, एक तुरुंग उभा राहिला. त्यात सिंगापूर-पिनांगच्या बाजूकडून पाठवलेले चिनी आणि मलायी कैदी होते. रस्त्यांची कामं तर त्यांनी केलीच, शिवाय डोंगरउतारावर बटाटे आणि विलायती भाज्यांच्या बागाही फुलवल्या. बटाट्याच्या मुळाशी पाणी साचलं की कंद कुजतो. त्यामुळे महाबळेश्वरच्या पावसात निचऱ्याची जमीन शोधून वाफे राखायचे म्हणजे कसबाचं काम. ते केलं बेड्या घालून आणलेल्या माणसांनी. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला.

आज पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार खरिपाच्या बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. पाऊस सुरू झाला की लागवड, आणि पाऊस ओसरताना काढणी. बेणं बहुतेक पंजाबातून येतं. नव्या जाती काढणारी केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्यात सुरू झाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला गेली. तिथल्या जवळच्या कुफरी गावाचं नाव या जातींना मिळालं. १९६८ ची ‘कुफरी ज्योती’ त्यातलीच. अँडीजचं पीक, पंजाबचं बेणं, सिमल्याचं संशोधन आणि आंबेगावच्या शेतकऱ्याचा घाम, एवढं सगळं एकत्र आल्यावर कल्याण स्टेशनबाहेरचा वडा तळला जातो.

‘तुमचं मराठी छान आहे हो, पण तुम्ही मूळच्या कुठल्या?’ हा प्रश्न आमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला असतो. पिढ्यान् पिढ्या कल्याणात राहूनही तो सुटत नाही. बटाट्याला असं कुणी विचारत नाही, कारण तो रोज ताटात असतो. माणसंही रोज शेजारी असतात, पण त्यांची चौकशी काही थांबत नाही.

महाबळेश्वरात गव्हर्नरचं नाव माल्कम पेठेच्या रूपानं उरलं. वाफे खणणाऱ्या त्या कैद्यांपैकी एकाचंही नाव आमच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात नाही. कुणी बोरकर, कुणी शेख, कुणी पाटील म्हणून आज आपण तिथे फिरायला जातो, स्ट्रॉबेरी आणि मक्याची कणसं खातो. पुढच्या सहलीत मुलांना हे पॉइंट दाखवताना त्या चिनी-मलायी माळ्यांबद्दलही सांगा.