तळ्याच्या माळ्यावरची पेटी

रायगड जिल्ह्यातील तळा हे गाव आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. मुंबई-गोवा महामार्गावर इंदापूरला वळण घेतले की रस्ता डोंगरांत शिरतो आणि तळगडाच्या पायथ्याशी हे गाव लागते. तेथील आमचे एक स्नेही, निवृत्त शिक्षक, यांनी आम्हाला मुद्दाम बोलावून घेतले ते एका पेटीसाठी. पेटी म्हणजे बाजाची पेटी नव्हे. प्लायवूडची, काळ्या रेक्झिनने मढवलेली, पुढे जाळीचे कापड लावलेली ती पेटी गेली पंचवीस वर्षे त्यांच्या माळ्यावर पडून होती. त्यांच्या थोरल्या बंधूंनी ती स्वतः बनवलेली.

हे बंधू १९५८ साली पोटासाठी मुंबईला गेले, लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानात रेडिओ दुरुस्तीचे काम शिकले आणि पुढे त्यांचे बहुतेक गिऱ्हाईक झाले माझगाव, गिरगाव, वांद्रे येथील आपली कॅथलिक मुले. कारण उघड होते. या मुलांच्या हाती विजेचे गिटार आले होते, पण ते वाजवण्यासाठी लागणारा अ‍ॅम्प्लिफायर कोठून आणावा? परदेशी मालावर आयातीचे कडक निर्बंध. बोटीवर नोकरी करणाऱ्या एखाद्या मामाने आणला तरच विलायती अ‍ॅम्प्लिफायर दिसायचा. बाकीच्यांनी रेडिओवाल्याकडे जायचे आणि सांगायचे, आम्हाला आवाज मोठा करून दे. तळ्याच्या या कारागिराने असे कितीतरी आवाज मोठे करून दिले. स्वतःसाठी मात्र एकच पेटी ठेवली.

आता प्रश्न असा उभा राहिला होता की, पुतण्याला ती पेटी वापरायची आहे. परंतु आतले व्हॉल्व्ह मिळेनासे झाले आहेत, तेव्हा सगळा सांगाडा काढून टाकून ट्रान्झिस्टरचा तयार बोर्ड बसवावा, असा त्याचा बेत. शिक्षकांचे मन तयार होईना. आमच्या धर्मग्रामाच्या गायकवृंदात आम्ही तीसेक वर्षे गिटार वाजवत आलो, एवढ्याच अधिकारावर निवाडा आमच्याकडे आला.

निवाडा देण्यापूर्वी थोडे मागे जाणे भाग आहे. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी काचेच्या निर्वात नळीत तापणारी तार आणि धन पट्टी यांच्यामध्ये एक बारीक जाळी बसवली. या जाळीवर दिलेल्या क्षीण विद्युतसंदेशाने नळीतला मोठा प्रवाह कमीजास्त होतो, हे पुढे नीट उमगले आणि लहान आवाजाचा मोठा आवाज करण्याची विद्या माणसाच्या हाती आली. रेडिओ, बोलपट, सभेतील कर्णा ही सारी त्या जाळीची लेकरे. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर हे धाकटे भावंड. १९३०च्या दशकाच्या आरंभी हवाईयन गिटारला चुंबक आणि तारेचे वेटोळे लावून पहिली विजेची गिटारे निघाली आणि त्यांच्यासाठी पेट्या बांधल्या त्या रेडिओच्याच सुट्या भागांतून. पुढे ज्याचे नाव जगभर झाले तो लिओ फेंडर हादेखील मूळचा कॅलिफोर्नियातील रेडिओ दुरुस्त करणारा. लंडनचा जिम मार्शल तर ड्रम वाजवणारा आणि वाद्यांचा दुकानदार; १९६२च्या सुमारास त्याच्या माणसांनी फेंडरचाच एक नमुना समोर ठेवून स्थानिक बाजारात मिळतील ते भाग वापरून आपला अ‍ॅम्प्लिफायर उभा केला. म्हणजे हॅनवेलच्या दुकानात जे चालले होते, तेच लॅमिंग्टन रोडवर चालले होते. एकाची कंपनी झाली, दुसरा तळ्याला परत आला, एवढाच फरक.

मुंबईत हे वाद्य रुजवण्यात ख्रिस्ती कलावंतांचा वाटा फार मोठा. लखनौहून आलेले व्हॅन शिप्ली यांनी विजेच्या हवाईयन गिटारवर चित्रपटगीतांच्या धुना वाजवून घरोघरच्या ग्रामोफोनवर पोहोचवल्या आणि त्यांना अ‍ॅकॉर्डियनची साथ केली ती पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांनी. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या वाद्यवृंद-रचनाकारांचे नाव पडद्यावर क्वचितच झळकले. पण ज्या ध्वनिमुद्रणांत ते शंभर-शंभर वादक बसवत, त्यांत कोपऱ्यात एक व्हॉल्व्हची पेटी तापत असे. १९७१च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ या चित्रपटातील ‘दम मारो दम’चे गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवले आणि विजेच्या गिटारचा करकरीत सूर खेड्यापाड्यांत गेला. आपल्या मुलांचे बीट ग्रुप याच वर्षांतले. सिमला बीट स्पर्धेच्या १९७० आणि १९७१च्या तबकड्या अजून संग्राहक शोधत असतात.

एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. ही मुंबई ज्या विजेवर झगमगली, तिचा मोठा हिस्सा आजच्या रायगड जिल्ह्यातूनच जात असे. खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. टाटांची ही तिन्ही जलविद्युत केंद्रे सह्याद्रीच्या या उतारावर. भिऱ्यासाठी पाणी अडवले त्या मुळशीत सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, हे सर्वश्रुत आहे. घाटाचे पाणी वीज होऊन मुंबईला गेले आणि त्याच मुलखातली माणसे त्या विजेवरची कामे शिकण्यासाठी मागोमाग गेली. असो.

ट्रान्झिस्टरचा जन्म डिसेंबर १९४७ मधला, बेल प्रयोगशाळेतला. बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली यांना त्याबद्दल १९५६चे नोबेल मिळाले. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह करण्यास १९६१ मध्ये आरंभ केला आणि लगेच पुढच्या वर्षी, १९६२ मध्ये, जर्मेनियमचे अर्धवाहक भागही. ज्या घरात थोरल्याचे बारसे, त्याच घरात वर्षभरात त्याच्या वारसदाराचेही! रेडिओच्या बाबतीत ट्रान्झिस्टर बघता बघता जिंकला. तापायला वेळ नाही, काच फुटण्याचे भय नाही, सेलवर चालतो. शेतकऱ्याच्या खांद्यावर लटकणाऱ्या त्या यंत्राचे नावच मुळी ‘ट्रान्झिस्टर’ पडले.

गिटारवाल्यांनी मात्र हट्ट सोडला नाही. फेंडर कंपनीने १९६६ मध्ये ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरांची मोठी मालिका काढली, ती बिघाडांमुळे आणि वादकांच्या नापसंतीमुळे काही वर्षांतच गुंडाळावी लागली. १९७५ मध्ये जपानच्या रोलंड कंपनीचा जॅझ कोरस आला, तेव्हा कुठे ट्रान्झिस्टरला गिटारवाल्यांत मान मिळाला. त्याचा स्वच्छ, पाण्यासारखा सूर आजही अनेकांना हवा असतो.

हट्टामागे कारण काय? येथे आम्हाला तानपुऱ्याचा दाखला द्यावासा वाटतो. जवारी लावलेली तार आणि न लावलेली तार स्वर एकच देतात. परंतु जवारीमुळे मूळ स्वराभोवती वरचे स्वर जागे होतात आणि नाद भरून येतो. अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपलीकडे रेटले की तोही असेच नवे स्वर स्वतःच्या पदरचे घालतो. मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा स्वर म्हणजे वरचा षड्ज. तिप्पट म्हणजे त्या वरच्या सप्तकातला पंचम. व्हॉल्व्हची मर्यादा हळूहळू येते, डोंगराचा माथा वाटोळा असावा तशी. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरात बाहेरचा संदेश सतत आतल्याशी ताडून चुका दुरुस्त केल्या जातात. त्यामुळे मर्यादेपर्यंत तो विलक्षण प्रामाणिक, पण मर्यादा आली की लहरीचा माथा विळ्याने कापल्यासारखा सपाट. त्या कापलेल्या कडांतून कानाला बोचणारे उंच स्वर निघतात. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका ध्वनिमुद्रण केंद्रातील रसेल हॅम यांनी माइकच्या अ‍ॅम्प्लिफायरांवर प्रयोग करून लिहिले की, नेहमीच्या पातळीवर मोजमापांत दोहोंत फारसे अंतर नाही. अंतर पडते ते रेटल्यावर, आणि वादक रेटतात हे आपण विसरतो. त्यांचा हा लेख पुष्कळ गाजला. मात्र त्यावरून ‘व्हॉल्व्ह म्हणजे षड्ज, ट्रान्झिस्टर म्हणजे पंचम’ असे जे सुटसुटीत सूत्र पसरले ते आम्हाला अर्धेच खरे वाटते. दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने ढकलाओढ करतात अशा रचनेत, आणि बहुतेक मोठे अ‍ॅम्प्लिफायर तसेच असतात, दुप्पट कंपनांचे स्वर शेवटच्या टप्प्यात एकमेकांना बरेचसे खोडून टाकतात.

सुराइतकाच बोटांचा प्रश्न आहे. व्हॉल्व्हच्या जुन्या पेटीत तारेवर जोराचा आघात केला की वीजपुरवठा क्षणभर दबतो आणि मग सावरतो. त्यामुळे स्वराचे टोक किंचित मऊ होते आणि स्वर मागाहून फुलतो. दुसरे असे की, व्हॉल्व्हची स्पीकरवरची पकड सैल असते; स्पीकरचा पडदा स्वतःच्या स्वभावाप्रमाणे थोडा डोलतो. ट्रान्झिस्टर लगाम घट्ट धरतो. सैल लगामाचा घोडा ज्याने चालवला आहे, त्याला घट्ट लगामाचा घोडा मुका वाटतो. ऐकणाऱ्याला हे कळेलच असे नाही. वाजवणाऱ्याच्या मनगटाला कळते.

आमच्या वाचकांना वाटेल, आमच्या चर्चला याच्याशी काय कर्तव्य? पोप दहावे पायस यांनी १९०३ मध्ये चर्चमध्ये पियानोसुद्धा मना केला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये पाइप ऑर्गनचा मान राखून इतर योग्य वाद्यांना दार उघडले आणि गिटार मिस्सेत आले. त्यावरून घराघरांत झालेले वाद आम्ही लहानपणी ऐकले आहेत. साध्या गिटारला पुढे अ‍ॅम्प्लिफायर जोडला गेला. उपासनेच्या संगीतापुरते बोलायचे तर आमचे मत स्पष्ट आहे: तेथे कोणी अ‍ॅम्प्लिफायर रेटत नाही, रेटूही नये, तेव्हा हलका, न तापणारा, भरवशाचा ट्रान्झिस्टरच बरा. शिवाय दगडी भिंतींची जुनी चर्चे कोणत्याही पेटीपेक्षा अधिक आवाज स्वतःच घालतात. तळ्याजवळच कुड्याची बौद्ध लेणी आहेत. तेथे टाळी वाजवून पाहावी म्हणजे खोली हेही वाद्य असते हे पटते.

परंतु माळ्यावरची पेटी चर्चची नव्हती, ती नाचाच्या सभागृहांची होती. आम्ही तिची मागची फळी काढली. (वाचकांपैकी कोणाकडे अशी पेटी असेल तर सावध करतो: प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरांत तीनशेहून अधिक व्होल्ट साठून राहू शकतात. जाणकाराखेरीज कोणी हात घालू नये.) आत एक ईसीसी ८३, दोन ईएल ८४ आणि वीज सरळ करणारा ईझेड ८१. सारे जुन्या रेडिओत असणारे व्हॉल्व्ह. अशाच चार ईएल ८४ वर इंग्लंडचा तो व्हॉक्स अ‍ॅम्प्लिफायर चाले, जो बीटल्सच्या मागे उभा असे. तळ्याच्या कारागिराने त्याचे निम्मे बांधले होते, सुमारे १५ वॉटचे. ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळलेला, प्रत्येक थराला कागद.

पेटीच्या तळाशी सुतळीने बांधलेली एक वही होती. तिच्यात तारीख, ठिकाण आणि दुरुस्ती: कोणत्या लग्नात कोणता व्हॉल्व्ह गेला, कोठे स्पीकर फाटला, कोणाकडे किती येणे. येणे बहुतेक ठिकाणी शेवटपर्यंत येणेच राहिलेले दिसले. शेवटची नोंद १९८६ची.

आम्ही पुतण्याला सांगितले की, बोर्ड बसवायचाच तर नव्या पेटीत बसव. त्याचा आक्षेप रास्त होता: व्हॉल्व्ह आणायचे कोठून? २०२२च्या मार्चमध्ये रशियाने निर्यात रोखली, तेव्हा सारातोवच्या कारखान्यावर अवलंबून असलेल्या जगभरच्या वादकांची अशीच धावपळ उडाली आणि भाव चढले. आता तर संगणकच नामांकित पेट्यांची हुबेहूब नक्कल करतो आणि ती नक्कल डोळे मिटून ओळखणे आम्हालाही साधत नाही, हे कबूल करतो. तरीही दोन महिन्यांनी स्लोव्हाकियात बनलेली ईएल ८४ची जोडी मुंबईत मिळाली. ईसीसी ८३ आणि ईझेड ८१ जुनेच चालले. कपॅसिटर बदलून घेतले.

पेटी सुरू केली त्या संध्याकाळी पाऊस होता आणि तळ्यात दिव्यांचा उजेड पिवळा पडला होता. मीटरवर २३०च्या जागी १८० व्होल्ट. हिशेबाने १५ वॉटचे नऊ-साडेनऊच उरले असतील. अमेरिकेतील एडी व्हॅन हेलन हा गिटारवादक दाब मुद्दाम उतरवून वाजवत असे. येथे ते फुकटात झाले. काचेत तांबूस तार उजळायला अर्धा मिनिट लागला. तापलेल्या धुळीचा वास आला, तशी शिक्षक म्हणाले, “दादाच्या खोलीत हाच वास असायचा.” पुतण्याने पहिला स्वर छेडला तो किंचित दबून मग भरत गेला. त्याने पुन्हा तोच स्वर छेडला, आणि पुन्हा.

जेवणे झाल्यावर त्याने वही मागून घेतली आणि १९८६च्या ओळीखाली तारीख घातली: तळा, ईएल ८४ दोन नग, कपॅसिटर चार. येणे या रकान्यात काय लिहायचे, असे त्याने आम्हाला विचारले. आम्ही तो रकाना मोकळा ठेवायला सांगितले.