वकील, रेसिडेंट आणि एजंट-जनरल

परराज्याचा प्रतिनिधी म्हटला की वकिलात, निशाण आणि मानमरातब डोळ्यांपुढे येतो. पण प्रतिनिधींतही थोरले-धाकटे असतात. १९६३ च्या व्हिएन्ना करारात कॉन्सल-जनरलपासून कॉन्सुलर एजंटापर्यंत चार पायऱ्या सांगितल्या आहेत. आम्हांला वाटते, राज्याराज्यांतले खरे नाते अशा पदव्यांतच उघडे पडते. त्याचा दाखला शोधायला धर्माबादकरांनी दूर जायला नको.

निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे होते. दोन सत्तांमधला तो व्यवहार होता. इंग्रजांनी रेसिडेंट ठेवला. पदवी रहिवाशाची, पण पुढे हुकमत धन्याची! १९४७ च्या ऑगस्टात ती अधिसत्ता संपली आणि निजामाने स्वतंत्र राहण्याचा दावा मांडला. मग दिल्लीच्या माणसाने हैदराबादेत बसावे कोणत्या नावाने? राजदूत म्हणावे, तर निजामाचे स्वातंत्र्य मान्य केल्यासारखे होई. रेसिडेंट म्हणावे, तर ते निजामाला चालण्यासारखे नव्हते.

२९ नोव्हेंबर १९४७ च्या 'जैसे थे' करारात यावर तोड निघाली. दोन्ही बाजूंनी 'एजंट' नेमावेत, असे ठरले. आणि करारातून अधिसत्ता उत्पन्न होत नाही, असेही लगोलग लिहिले गेले. पदवीचीही ओळख जुनीच होती. हिंदुस्थान परतंत्र असल्याने १९४१ मध्ये गिरिजाशंकर वाजपेयी वॉशिंग्टनला गेले, ते राजदूत म्हणून नव्हे, एजंट-जनरल म्हणूनच.

१९४८ च्या जानेवारीत कन्हैयालाल मुनशी एजंट-जनरल म्हणून बोलारमला आले. दिल्लीत निजामातर्फे झैन यार जंग होते. त्याच महिन्याच्या ३० तारखेला धर्माबादशेजारच्या उमरीत स्वातंत्र्यसैनिकांनी बँक लुटली. एकीकडे खलिते चालले होते, दुसरीकडे रझाकारांचा जुलूम आणि त्याविरुद्धचा लढा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला आणि दोन एजंटांच्या व्यवहाराचे कारणच उरले नाही.

ते नाव दोघांनाही चालले, कारण त्यात मूळ प्रश्नाचे उत्तरच नव्हते. मुत्सद्द्यांना त्यामुळे सवड मिळाली, यात शंका नाही. पण त्या सवडीची किंमत मोजली ती आमच्या गोदाकाठच्या गावांनी. धाकट्या पदवीचा इतिहास वाचताना तेवढे विसरू नये.